दुसऱ्या दिवशीचं ताट

गौरी जेवल्या. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजचं दार लागेना.

आत काय काय होतं? पुरणाचा स्टीलचा डबा. त्यावर पुरणपोळ्यांचा डबा. त्यावर ताटली झाकलेलं कटाच्या आमटीचं पातेलं. थिजलेलं वरण, तळाशी राहिलेला भात. सोळा भाज्यांची भाजी दोन डब्यांत, कारण एकात मावली नाही. आणि मागे, ओल्या फडक्यात गुंडाळलेले अळूवडीचे दोन उंडे, न कापलेले.

हे सगळं खाणार कोण?

उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे. जिने रांधलं ती. सणाला सगळ्यांच्या पंगती उठल्यावर ती जेवते, आणि दुसऱ्या दिवशी शिळ्याचं पहिलं ताट तिचं असतं. इतरांना ताजी पोळी लागते. तीही तिनेच लाटायची.

‘मला चालतं,’ असं ती म्हणते. वर्षानुवर्षं म्हणते आहे. चालतं म्हणजे आवडतं का, हे घरातल्या किती जणांनी एकदा तरी विचारलं?

तिलाही जे संपत नाही, ते तिसऱ्या दिवशी कामाच्या मावशींच्या पिशवीत जातं. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, कपाळाला आठी घालायची आणि म्हणायचं, ‘बघा मावशी, चांगलं असेल तर मुलांना द्या.’ जे आपल्या मुलांना देववत नाही, ते त्यांच्या मुलांना? परवा पोळ्या तव्यावर फुगत होत्या तेव्हा मावशी इथेच होत्या, मोरीशी बसून परातीएवढी भांडी घासत. तेव्हा चार पोळ्या तूप लावून बांधून द्यायला कोणी हात धरला होता?

द्यायचं असेल तर पहिल्या दिवशी द्या.

राहिले घरातले डबे. मुळात ‘शिळं’ हा शब्दच आपण नासवून ठेवला आहे. बातमी जुनी झाली की शिळी. मिटलेला वाद उकरला की शिळ्या कढीला ऊत. पण स्वयंपाकघराला विचारा. कुस्करा, फोडणीचा भात, मलिदा, थालीपीठ, निवगऱ्या. यांची सुरुवात टंचाईतून झाली असेल, पण टिकले ते चवीवर. टंचाई नसलेल्या घरांतही आज फोडणीच्या पोळीसाठी मुद्दाम पोळ्या उरवतात.

निवगऱ्याच घ्या. चतुर्थीला मोदकांचं सारण संपतं आणि तांदळाची उकड वाटीभर उरते. ती ठेवून चालत नाही, कोरडी पडून तडकते. मग कोकणातली बाई काय करते? त्याच उकडीत हिरवी मिरची, आलं, जिरं, मीठ आणि कोथिंबीर मळते, लिंबाएवढा गोळा दोन तळव्यांत दाबून चपटा करते आणि मोदकांच्याच चाळणीत वाफवते. वाफाळती निवगरी, वर चमचाभर कच्चं तेल. मोदकाचं गोड तोंडावर आलेल्या माणसाला यापुढे दुसरं काही नको असतं. ताटातला मोदक मागे राहतो, निवगरी राहत नाही.

आणि कट? पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढून घेतात तो कट. सातारा-कोल्हापूरकडे त्यालाच येळवणी म्हणतात. हे तर जेवणातलंही उरलेलं नाही, रांधण्यातलंच उरलेलं. डाळीचं काढलेलं पाणी, त्यात चमचाभर पुरण, चिंच-गूळ, काळा मसाला, भाजलेलं खोबरं. ही आमटी दुसऱ्या दिवशी मुरली की आदल्या दिवशीपेक्षा सरस. पुरणपोळी पाहुण्यांना आग्रह करून वाढावी लागते. आमटी लोक वाटी पुढे करून मागतात.

मग उरलेल्याला नाक का मुरडायचं?

धर्माचं नाव पुढे करणाऱ्यांसाठी दोन दाखले. श्रावण वद्य सप्तमीला गुजराती घरांत चूल पेटत नाही. आदल्या दिवशी, रांधण छठीला, सगळं करून ठेवतात आणि शीतळा सातमीला तेच थंड खातात. मुंबईत ज्यांचे शेजारी गुजराती आहेत, त्यांनी ते थेपले खाल्लेले असतात. थंड अन्नाचा अख्खा सण आहे, आणि देवीला तो चालतो.

दुसरा दाखला त्याच आठवड्यातला, अगदी आपला. गोकुळाष्टमीचा काला. कृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या सोडल्या, सगळ्यांचं एकत्र कालवलं आणि एकमेकांना भरवलं, ही त्यामागची कथा. कोणाच्या शिदोरीत ताजं होतं, कोणाच्या शिदोरीत कालचं, याची चौकशी तिथे झालेली नाही. कीर्तन संपल्यावर काल्यासाठी ओंजळ पुढे करणारे हात घरी आल्यावर कालच्या भातावरून का मागे सरतात?

आता स्वयंपाकाचंच बोलू, कारण खरी गोम तिथे आहे. पदार्थ नुसता गरम करून पुढे ढकलला की तो शिळा. त्याचं दुसरं काही केलं की तो नवा. फरक दहा मिनिटांचा असतो.

पुरण फ्रिजमध्ये दगड होतं. ते खरवडत बसू नका. चमचाभर दूध शिंपडा, मंद आचेवर हलवा, सैल पडतं. मग कणकेच्या पारीत भरून दिंडं उकडा. नागपंचमीची दिंडं भाद्रपदात खाल्ली तर कोणाचं व्रत मोडतं?

पुरणपोळी तव्यावरून उतरली तेव्हा मऊ होती, उद्याही मऊच लागावी हा हट्ट सोडा. जाड तवा, बारीक आच, कडेने तूप, दोन्ही बाजूंनी कुरकुरीत होईपर्यंत धीर. सोबत गार दूध. मायक्रोवेव्हमध्ये फिरवलेली पोळी पाच मिनिटांत चामडं होते, आणि दोष पोळीला मिळतो.

सोळा भाज्यांची भाजी आणि वरण या दोन्हींवर एकच उपाय, भाजणी. भाजी हाताने कुस्करा, वरण घाला आणि मावेल तेवढी भाजणी घालून मळा. पाणी घालू नका, वरणात ते आहेच. मीठही चाखूनच घाला, दोन्हीकडचं आधीच आलेलं असतं. कांदा बारीक चिरून, तीळ वरून, आणि थालीपिठं थापा. ज्या मुलाने काल भाजीतला सुरण आणि पडवळ वेचून बाजूला काढला, तो आज तोच सुरण आणि तोच पडवळ लोण्याबरोबर खातो.

आणि ते उंडे. सगळे उंडे उकडायचे, पण पाहुण्यांच्या अंदाजाने लागतील तेवढेच कापून तळायचे, बाकीचे अखंड ठेवायचे. दुसऱ्या दिवशी काप केले, तव्यावर परतले की ताजी अळूवडी. असं करणाऱ्या बाईच्या घरी अळूवडी उरली नाही. तिने ती उरवली.

उरणं आणि उरवणं यांत एका मापाचं अंतर आहे. ते माप आपल्याला माहीत नाही असंही नाही. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि मराठी घरांत वाटी-चमच्याचं प्रमाण रुजलं. एरवी आपण त्या प्रमाणाने चालतो. सणाला मात्र माप वाटीचं राहत नाही, मानाचं होतं. ‘कमी पडलं तर लोक काय म्हणतील?’ जास्त पडलं तर तेच लोक काही म्हणत नाहीत, कारण तोवर ते घरी गेलेले असतात.

अन्न कमी पडल्याची लाज वाटते. वाया गेल्याची का वाटत नाही?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अन्ननासाडीवरचा २०२४चा अहवाल भारतातल्या घरांचा आकडा देतो. माणशी वर्षाला ५५ किलो. सालं-देठं त्यात धरलेली आहेत, मान्य. तरीही चौघांच्या घरात दोन क्विंटलच्या वर गेलं. दोन क्विंटल धान्य घरात आणायला चार पोती लागतात. बाहेर जाताना ते रोज एकेका पिशवीतून जातं, म्हणून दिसत नाही.

सगळंच खाऊन टाका, असं मात्र नाही. भाताचे लाड करू नका. बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू आहे. भात शिजतो, पण त्याचे बीजाणू मरत नाहीत. भात ओट्यावर तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. उलट्या घडवणारं ते विष सकाळी कितीही खरपूस परतलं तरी जात नाही. तेव्हा जेवणं आटोपली की भात परातीत पसरून निववा, दोन तासांच्या आत लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. फोडणीचा भात सकाळी बिघडत नाही. आदल्या रात्रीच बिघडलेला असतो.

ओल्या नारळाचं सारण, दुधाची खीर, कोशिंबीर यांनाही भाद्रपदाची दमट हवा सोसत नाही. पंचामृताला सोसते. चिंच, गूळ, तीळ, दाण्याचं कूट आणि मिरच्यांचं ते पंचामृत चार दिवस नीट राहतं. त्याची काळजी आपण करत बसतो आणि खीर बाहेर राहते.

मग प्रसाद. ‘प्रसाद आहे, टाकू नये,’ म्हणून तो चार दिवस राखायचा आणि पाचव्या दिवशी बुरशी आली म्हणून निर्माल्याच्या कलशात टाकायचा. यात देवाचा मान कुठे राहिला? पहिल्याच दिवशी वाटला असता तर चार तोंडी पडला असता.

मिठाईच्या पेट्यांची तर यात्राच असते. एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. १ ऑक्टोबर २०२०पासून दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावण्याचा नियम आला. पेटी घरातून घरात फिरू लागली की तारीख मागे दुकानातच राहते. न उघडता पुढे पाठवलेल्या पेटीत आपुलकी कुठून येणार?

दिवाळीचं उरलेलं त्या मानाने सोपं. चकलीचा चुरा आणि चिवड्याचा तळ मिसळीवर जातो. बसलेले बेसनाचे लाडू दुधाचा हबका मारून कढईत परतले की वड्या पडतात. तिथे खंत एकच आहे. मुलं हे मिटक्या मारत खातात आणि चार दिवस आधी समोर ठेवलेल्या फराळाच्या ताटाला हात लावत नाहीत.

महाप्रसादाचं काय? आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी मसालेभाताचं अर्धं पातेलं दुपारपासून रात्रीपर्यंत मांडवात उघडं राहिलं. रात्री अकराला ‘कोणाला हवाय का’ असा निरोप फिरला. दहा तासांनी? पानांची नोंद आदल्या दिवशी घेणं अवघड नव्हतं. वर्गणीची नोंद तर दोन महिने आधीपासून होती.

आमच्या घरी आता एक ठरलं आहे. सणाच्या दुसऱ्या दिवशी आई ओट्याशी उभी राहत नाही. फ्रिज आम्ही रिकामा करतो, आणि जे होईल ते सगळे एका पंगतीत बसून खातात. ताजी पोळी वेगळी कोणासाठीही लाटायची नाही.

गेल्या वर्षी थालीपिठं भाच्याने थापली. पहिलं वाकडं झालं, मधलं भोक कडेला गेलं, एक कोपरा करपला. दुसरं जमलं. ते त्याने तव्यावरून थेट आजीच्या ताटात वाढलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. आईने घास मोडला, चावला, आणि म्हणाली, ‘मीठ बरोबर आहे. अजून एक टाक.’