शनिवारपुरता डॅनिश

ब्रिटनच्या सुशिक्षित मध्यमवर्गात २०११च्या जानेवारीत एक नवी पोटजात उदयाला आली. बीबीसी फोर ही कला, इतिहास, विज्ञान अशा गंभीर विषयांना वाहिलेली आणि म्हणूनच बेताच्या प्रेक्षकसंख्येवर समाधान मानणारी वाहिनी. तिच्यावर त्या महिन्यात ‘फोरब्रिडेल्सेन’ ही २००७ सालची डॅनिश गुन्हेमालिका ‘द किलिंग’ या इंग्रजी नावाने, परंतु संवाद मूळ डॅनिशमध्येच ठेवून आणि पडद्याच्या तळाशी भाषांतराच्या ओळी, म्हणजेच सबटायटल्स, देऊन दाखवली जाऊ लागली. शनिवारी रात्री नऊ वाजता सलग दोन भाग असा तो नेम होता, आणि नेम म्हटला की तो पाळणारे आलेच. या पाळणाऱ्यांच्या प्रातिनिधिक नमुन्यास प्रस्तुत लेखात ‘शनिवारपुरता डॅनिश’ असे म्हटले आहे, कारण रविवारी सकाळी चहात दूध घालताना तो पुन्हा पूर्ववत इंग्रज झालेला असतो.

त्याचे बाह्य लक्षण म्हणजे स्वेटर. मालिकेची नायिका, कोपनहेगन पोलिसांतील तपास अधिकारी सारा लुंड (ही भूमिका सोफी ग्रोबोल यांची), वीस भागांच्या पहिल्या पर्वात बराच काळ एकाच पांढऱ्या-काळ्या नक्षीच्या लोकरी स्वेटरात वावरते. हा स्वेटर फेरो बेटांवरील ‘गुडरुन अँड गुडरुन’ यांचा असून ती बेटे उत्तर अटलांटिकमध्ये, डॅनिश राजसत्तेखाली असूनही आपला अंतर्गत कारभार आपणच पाहणारी आहेत, ही माहिती शनिवारपुरता डॅनिश न विचारता देतो. स्वेटरची किंमत मात्र विचारूनही सांगत नाही. २०१२मध्ये डेन्मार्कच्या दौऱ्यावर गेलेल्या कॅमिला, तेव्हाच्या डचेस ऑफ कॉर्नवॉल, यांना मालिकेच्या सेटवर खुद्द ग्रोबोल यांनीच असा स्वेटर भेट दिला तेव्हा त्याची पंचाईत झाली, कारण राजवाड्यापर्यंत पोहोचलेली आवड ही वेगळेपणाची खूण उरत नाही. आपला स्वेटर त्या दौऱ्याच्या आधीचा आहे, हे तेव्हापासून तो कोणत्याही संभाषणात कोठे ना कोठे गोवतो.

शनिवारच्या रात्रीचे त्याचे वर्तन पाहता मराठी वाचकाला शनिवारचा कडक उपास करणारा गृहस्थ आठवावा: सगळे वेळेच्या आत उरकलेले, फोन दुसऱ्या खोलीत, घरातल्यांना तंबी दिलेली, आणि मध्ये कोणी बोलले तर नेम मोडल्याचा संताप. या कडकपणाचे श्रेय मात्र निष्ठेपेक्षा सबटायटल्सना अधिक आहे. आपल्या भाषेतील मालिका कपड्यांना इस्त्री करता करता नुसत्या कानांनीही पाहता येते. डॅनिश मालिकेत मान खाली गेली की एक संशयित हातचा जातो. पण दोन तास एकाग्रतेने काही वाचले की आपण अभ्यास केला असे मनुष्याला वाटू लागते, आणि प्रेताभोवती गोळा होण्याच्या आदिम कुतूहलाला त्या वाटण्यामुळे विद्वत्तेची शाल मिळते. इंग्रजीतला खून हे मनोरंजन, डॅनिशमधला खून हे समाजदर्शन, अशी त्याची सरळ विभागणी आहे. नॉर्डिक मालिकांच्या ब्रिटनमधील लोकप्रियतेची कारणे सांगताना निसर्ग, अभिनय, पटकथा यांची नावे घेतली जातात. त्या यादीत हे कारण खरे तर पहिले यायला हवे, परंतु यादी करणारे बहुधा याच पोटजातीतले असल्यामुळे ते येत नाही. डॅनिश भाषा मात्र त्याला येत नाही. आभार मानताना ‘टाक’ म्हणतात एवढे त्याने टिपून घेतले असून हॉटेलात तो वाढप्याला आवर्जून तसे म्हणतो. वाढपी सहसा पोलिश असतो.

पाहुण्याने ‘स्कॅन्डिनेव्हियन मालिका’ असा सैल शब्दप्रयोग केला की तो सौम्यपणे दुरुस्ती करतो. स्कॅन्डिनेव्हिया म्हणजे काटेकोरपणे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. आइसलँड व फिनलंडही धरायचे तर ‘नॉर्डिक’ म्हणावे, आणि सावकाश चालणाऱ्या, काळवंडलेल्या, खुनाच्या निमित्ताने समाजाच्या दुखण्यावर बोट ठेवणाऱ्या या कथाप्रकारास ‘नॉर्डिक न्वार’ म्हणावे. पाहुणा येथवर टिकला तर वंशावळ सुरू होते. तिच्या मुळाशी माय श्योवाल आणि पेर वालो हे मार्क्सवादी स्वीडिश जोडपे आहे, ज्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहून कल्याणकारी राज्याचे, म्हणजे नागरिकाच्या शिक्षणाचा, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा भार कराच्या पैशातून उचलणाऱ्या राज्याचे, शवविच्छेदन केले. पुढच्या पिढीत हेनिंग मांकेल येतात आणि त्यांच्याबरोबर, १९९१पासून, इस्ताद या छोट्या स्वीडिश गावातला खिन्न, नीट न झोपणारा, नीट न जेवणारा कुर्त व्हालांडर येतो. बीबीसीने २००८मध्ये केनेथ ब्रॅना यांना घेऊन, प्रत्यक्ष इस्तादमध्ये चित्रीकरण करून, इंग्रजी व्हालांडर काढला; हा उल्लेख निघताच शनिवारपुरता डॅनिश किंचित हसतो आणि काही बोलत नाही. बोलतो ते स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याविषयी, ज्यांना २८ फेब्रुवारी १९८६च्या रात्री स्टॉकहोममध्ये सिनेमा पाहून पत्नीसह पायी घरी जाताना, सोबत अंगरक्षक नसताना, गोळी घालण्यात आली. पंतप्रधानाला निर्धास्तपणे चालता येईल असा समाज त्या रात्री स्वतःविषयी साशंक झाला, या त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्या वेळी त्याचा आवाज जितका खाली उतरतो तितका उतरण्याची गरज मात्र नसावी.

त्याची थट्टा सोपी असली तरी त्याची निवड चुकलेली नाही, हे येथे नोंदवणे भाग आहे. रहस्यकथेच्या जुन्या पठडीत प्रेताचे काम पहिल्या प्रकरणापुरते असते. ते सापडले की सर्वांचे लक्ष कोड्याकडे वळते आणि मेलेल्या माणसाची आठवण कोणाला राहत नाही. ‘फोरब्रिडेल्सेन’चे लेखक सोरेन स्वाइस्ट्रुप यांनी नान्ना बिर्क लार्सेन या १९ वर्षांच्या मुलीचा खून घेऊन वीस भागांत वीस दिवस मांडले, एका भागाला एक दिवस, आणि पोलीस तपासाइतकीच जागा महापौरपदाच्या निवडणुकीला आणि मुलीच्या आईवडिलांना दिली. डीआर या डेन्मार्कच्या सार्वजनिक, त्या काळी परवानाशुल्कावर चालणाऱ्या प्रसारणसंस्थेचा असा आग्रहच असे की उत्कंठेच्या कथेखाली समाजाविषयीची दुसरी, नैतिक कथा वाहती असावी. मालिकाकार तिला दुहेरी कथन म्हणतात. त्यामुळे धाकट्या भावांना बहीण गेल्याचे कोणत्या शब्दांत सांगायचे, मुलीला मातीआड करायचे म्हणजे काय काय करायचे, सामान हलवण्याचा घरचा धंदा अशा दिवसांत चालवायचा कसा, हे प्रश्न कोड्याइतकेच वजनदार होतात. शनिवारपुरत्या डॅनिशाचे डोळे पाणावतात ते याच ठिकाणी, आणि तेवढा वेळ तो स्वेटरविषयी बोलत नाही.

अन्यत्र मात्र त्याची भक्ती आंधळी आहे. सारा लुंड कोणत्याही अंधाऱ्या तळघरात एकटीच शिरते आणि भिंतीवरचे बटण दाबण्याऐवजी टॉर्च काढते. वीजपुरवठ्याची एवढी उत्तम व्यवस्था असलेल्या देशात ही बाई दिवा का लावत नाही, असा त्याच्या पत्नीचा साधा प्रश्न आहे, ज्याला तो छायाप्रकाशाच्या सौंदर्यशास्त्रावर व्याख्यान देऊन उत्तर देतो. दर आठवड्याला तो नवा खुनी मुक्रर करतो, दर आठवड्याला तोंडघशी पडतो, आणि हाही मालिकेचाच मोठेपणा मानतो.

२०१२मध्ये त्याला ‘ब्रोन’ अथवा ‘ब्रोएन’ म्हणजे ‘द ब्रिज’ ही स्वीडन आणि डेन्मार्क यांची संयुक्त मालिका मिळाली, आणि त्याच्या मनाचा तळ तेथे अधिक स्पष्ट दिसतो. २०००च्या जुलैत खुल्या झालेल्या ओरेसुंड पुलावर, बरोबर सीमारेषेवर, एक प्रेत सापडते. कमरेवरचा भाग स्वीडिश राजकारणी स्त्रीचा आणि खालचा डॅनिश वेश्येचा निघतो, त्यामुळे प्रकरण दोन्ही देशांच्या पोलिसांकडे जाते. माल्मोची अधिकारी सागा नोरेन येते आणि डॅनिश सहकारी मार्टिन रोडे याने रुग्ण असलेली रुग्णवाहिका घटनास्थळावरून जाऊ दिली म्हणून त्याची तक्रार करण्याचे ठरवते. हा प्रसंग सर्वांना विचित्र वाटतो. शनिवारपुरत्या डॅनिशाला तो मनोमन पटतो. रांग मोडणाऱ्याकडे आयुष्यभर नुसते रोखून पाहिलेल्या माणसाला नियम तोंडावर सांगणारी नायिका मिळालेली असते.

खुनापेक्षा त्याला खुनाभोवतालची व्यवस्था हवी असते, असे त्यामुळे म्हणता येते. पुनर्प्रक्षेपण पाहताना तो चित्र थांबवून जेवणाच्या टेबलावरचा दिवा पोल हेनिंगसेन यांनी १९५८मध्ये काढलेला पीएच ५ आहे काय, याचा निर्णय देतो, आणि दुःखी कुटुंबाच्या स्वयंपाकघरातील कपाटे कोणत्या लाकडाची असावीत याचा अंदाज बांधतो. ज्या आइसलँडमध्ये पोलिसांच्या गोळीने माणूस मरण्याची प्रजासत्ताकाच्या इतिहासातील पहिली घटना २०१३च्या डिसेंबरात घडली, तेथील फ्योर्डात, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात, ‘ट्रॅप्ड’ या मालिकेत धड सापडते तेव्हा हळहळायला सगळे गाव उपलब्ध असते. लंडनमधल्या खऱ्या खुनांना वृत्तपत्रात मिळणारी जागा पाहिली तर त्याचे तिकडे ओढले जाणे समजण्यासारखे आहे.

‘मिडसमर मर्डर्स’ ही आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर १९९७पासून चालणारी, फुलबागा, चर्च आणि खेड्यातल्या जत्रा यांच्यामध्ये ढीगभर खून पाडणारी मालिका मात्र तो निवृत्तांचा विरंगुळा म्हणून बाजूला सारतो. डेन्मार्कमध्ये तीच मालिका अतिशय लोकप्रिय आहे, इतकी की २०१४मध्ये तिच्या शंभराव्या भागासाठी इन्स्पेक्टर बार्नबी यांना कोपनहेगनला नेण्यात आले, आणि तेथे त्यांना मदत करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत होत्या आन एलेओनोरा योर्गेन्सेन, म्हणजे ‘फोरब्रिडेल्सेन’मधील नान्नाची आई.