विदर्भ एक्स्प्रेसने घरी जाताना : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

दिवाळीला नागपूरला जायचं असेल, तर प्रवास 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता सुरू होतो. मोबाइल चार्ज करून, आंघोळ नंतर करायची असं ठरवून बसावं. दोनच मिनिटांत ‘वेटिंग’ दिसलं तरी खचू नये. पुढे तात्काळ आहेच : एसीचं 10 वाजता उघडतं, स्लीपरचं 11 वाजता, आणि बहुधा उघडता उघडताच संपतं. आरएसी मिळालं, तर एका साइड लोअरवर दोन अनोळखी माणसांनी रात्रभर एकमेकांचे पाय सांभाळायचे असतात.

कन्फर्म लोअर मिळालेल्यांनी विशेष सावध राहावं. तिकिटावर नाव तुमचं असलं तरी ती जागा ज्यांचे गुडघे दुखतात त्यांची असते. कल्याणला काकू चढतातच. “तू तर पोट्टा आहेस, वर चढशील ना बाळा?” या वाक्यावर अपील नाही. ‘हो काकू’ म्हणून मोकळं व्हावं. चपला खाली ठेवाल तर सकाळी त्या तिसऱ्याच बर्थखाली सापडतील. जाणकार त्या वरच्या पंख्याच्या जाळीवर ठेवतात.

कसाऱ्याला गाडी थांबली की ‘का थांबली?’ असं विचारू नये. प्रत्येक डब्यात एक तज्ज्ञ काका असतात आणि ते याच प्रश्नाची वाट पाहत असतात. थळ घाटात 37 ला 1 असा चढ आहे, म्हणून मागून बँकर इंजिनं जोडतात आणि इगतपुरीला काढतात, एवढीच ही माहिती. काका ती इगतपुरीचा वडापाव संपेपर्यंत पुरवतात.

आता मुख्य धडा. मधली बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत उघडी ठेवता येते, हा नियम छापील आहे. प्रत्यक्षात काकूंचा स्टीलचा डबा बंद होईपर्यंत कोणी साखळ्यांना हात लावत नाही. पोळी, झुणका, वर ठेच्याची चिमूट, आणि कागदावर तुमच्यासाठीही एक पोळी. ती घेतलीत की चौकशीला संमती दिलीत.

“कुठले?”
“नागपूर.”
“नागपुरात कुठे?”
“महाल.”
“महालात कोणाचे?”

इथे खोटं बोलू नये. काकूंची नणंद तुमच्याच गल्लीत राहते, हे मनमाडच्या आधी सिद्ध होतं. मग पगार, मग ‘अजून भाड्यानंच राहून राहिला काय?’, मग लग्न. वैतागू नका, उत्तरं सुधारत जा. उद्या घरी आत्या हीच प्रश्नपत्रिका काढणार आहे, आणि तिथे वरची बर्थ नसते. पगार थोडा कमी सांगावा, कामाचे तास थोडे जास्त. लग्नाच्या प्रश्नाला ‘बघू’ पुरतं. ‘सध्या विचार नाही’ म्हणालात, तर काकू पर्समधून फोटो काढतात.

भुसावळ झोपेत जातं. शेगावला पहाटे जाग येते, कारण अर्धा डबा गजानन महाराजांसाठी उतरतो आणि उरलेला खिडकीतून हात जोडतो. कचोरी मिळाली तर घ्यावी. घरी नेण्यासाठी घेतलेली बडनेऱ्यापर्यंत टिकत नाही.

अकोल्यापासून वडिलांचे फोन सुरू होतात. ‘कुठवर आली?’ याला स्टेशनचं नाव सांगावं, वेळ सांगू नये. नागपूरच्या आउटरला गाडी उभी राहिली, तर तो हिशेब तुमच्याकडे मागितला जाईल. दक्षिण नागपूरवाल्यांनी थांबा असेल तर अजनीलाच उतरावं.

शेवटची सूचना : परतीचं तिकीट कन्फर्म झाल्याचा आनंद आईसमोर, निदान पहिल्या दिवशी तरी, दाखवू नये.