ऱ्हाइनकाठचा रसिक

फ्रँकफर्टच्या मराठी मंडळींत एक तरी रसिक असतोच. नोकरी बँकेत, नाहीतर आयटीत. जर्मन भाषा पोस्टात, दवाखान्यात आणि मुलांच्या शाळेत निभावून जाईल एवढी. एरवी वर्षभर हा गृहस्थ गणपतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवण्यात समाधानी असतो. पण ऑगस्ट सरत आला, जवळच्या ऱ्हाइनगाऊ या द्राक्षपट्ट्यातल्या साहित्य महोत्सवाचे वेध लागले, की त्याच्या अंगात साहित्य येतं.

हा महोत्सव १९९३ साली सुरू झाला. सप्टेंबरात, द्राक्षतोडणीच्या तोंडावर, वाइन करणाऱ्यांच्या वाड्यांत नि कोठारांत लेखक आपल्या पुस्तकातली पानं वाचून दाखवतात. लोक तिकीट काढून येतात आणि चिडीचूप ऐकतात. पुरस्कारही आहे: ११,१११ युरो आणि रिसलिंग वाइनच्या १११ बाटल्या. रसिकाचा जीव या आकड्यात अडकलेला. “आहेरावर एक ठेवायची रीत यांनाही ठाऊक आहे बरं का,” असं म्हणून तो हिशेबाला बसतो. पाऊण लिटरच्या १११ बाटल्या म्हणजे सव्वात्र्याऐंशी लिटर. लेखकानं त्या घरी न्यायच्या कशा? शाल-श्रीफळ कसं, पिशवीत मावतं.

रसिक एकटा कधी जात नाही. समजावून सांगायला कुणी नसेल तर त्याला ना वाइन चढते, ना साहित्य. मग व्हिसावर आलेले सासरेच बरोबर निघतात. सासरे निफाडकडचे, द्राक्षबागायतदार. वीसबाडनहून रूडेसहाइमकडे जाणाऱ्या लोकलमध्ये जावई सुरू होतो: ऱ्हाइन नदी उत्तरेला चाललेली, पण इथे पश्चिमेला वळते, म्हणून उतारांची तोंडं दक्षिणेला, म्हणून ऊन दिवसभर. सासरे खिडकीतून वेली न्याहाळत असतात.

“मांडव नाही वाटतं?”

“मामा, इथे ऊनच कमी. सावली करून कसं चालेल?”

“हं. आमच्याकडे आता ऑक्टोबर छाटणीला मजूर शोधायची वेळ, आणि यांची तोडणी!”

एवढं बोलून मामा गप्प होतात. द्राक्षाबद्दल त्या डब्यात झालेलं कामाचं बोलणं तेवढंच.

कोठारात मात्र रसिक खुलतो. जागा तिसऱ्या रांगेत, कडेची. पुस्तकांच्या टेबलापाशी पहिला नंबर लागावा म्हणून. ग्लास तिरका करायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालून डोळे मिटायचे. मग हळूच म्हणायचं, “पेट्रोल.” जुन्या रिसलिंगला पेट्रोलसारखा वास येतो आणि जाणकार तो गुण मानतात, हे खरंच आहे. पण ग्लासातली वाइन गेल्या वर्षीची असते. मामाही हुंगून बघतात आणि विचारतात, “पंपावरचं की रॉकेल मिसळलेलं?”

वाचन सुरू होतं. साधं टेबल, एक दिवा, लेखिकेपुढे पाण्याचा ग्लास. मान खाली, आवाज एका पट्टीत. दीपप्रज्वलन नाही, अध्यक्ष नाहीत, प्रास्ताविकाचं मनोगत आणि मनोगताचं प्रास्ताविक नाही. शंकर पाटील आणि मिरासदार कथाकथनात कागद हातात न घेता मांडव कसा हसवायचे, ते मामांनी स्वतः ऐकलेलं. त्यांना हे परीक्षेच्या सूचना वाचल्यासारखं वाटतं. “जावईबापू,” ते कुजबुजतात, “एवढ्या बाटल्या मांडल्यात आणि वाचणारीला नुसतं पाणी?”

रसिकाला उत्तर द्यायला सवड नसते, कारण तो कामात असतो. वाचलेल्यातलं निम्मंच कळतं, तेव्हा हसायचं कुठे हे ठरवण्यासाठी त्यानं पुढच्या रांगेतल्या पिकल्या केसांच्या बाईंचे खांदे नेमलेले असतात. खांदे हलले की हसायचं. जरा उशीर होतो, पण पद्धत चोख आहे. फक्त एकदा ती फसली. खांदे जोरात हलले, रसिक मोकळेपणी हसला, आणि सगळं कोठार वळून त्याच्याकडे बघू लागलं. बाईंना खोकल्याची उबळ आली होती आणि कादंबरीत आजोबांना पुरत होते. रसिकानं लगेच हनुवटीवर बोट ठेवलं आणि मृत्यूतला विनोद फक्त आपल्यालाच उमगल्यासारखा चेहरा केला. मी त्याला मानतो तो यासाठी.

शेवटी पुस्तकावर सही घेणं होतं आणि फेडरवायसरची बाटली घेणं होतं. फेडरवायसर म्हणजे अर्धवट आंबलेला नवा रस, याच दिवसांत मिळणारा. तो बाटलीतही आंबतच असतो, म्हणून वायू निघून जावा यासाठी झाकण सैल ठेवतात आणि बाटली उभीच न्यायची असते. विकणाऱ्या बाईंनी हे सगळं नीट समजावून सांगितलं. जर्मनमधून. रसिकानं “या, या” म्हणत मान डोलावली आणि बाटली पिशवीत सहीच्या पुस्तकाशेजारी आडवी ठेवली.

एल्टव्हिल स्टेशन येईपर्यंत मामांच्या धोतराला वास लागला. पुस्तक फुगून दुप्पट झालं, सही वाहून गेली. दुसरा कुणी हळहळला असता. यानं ते बाल्कनीत वाळवून दिवाणखान्यातल्या फडताळात दर्शनी ठेवलंय. येणाऱ्या पाहुण्याला तो ते उघडून हुंगायला देतो: सुरुवातीला हिरवं सफरचंद, मधल्या प्रकरणात थोडं यीस्ट. पेट्रोल यायला मात्र अजून दहा वर्षं लागतील म्हणे.