पंधरा सेकंद, हाताची घडी

गोंदियाच्या एका निवृत्त गुरुजींनी तीस वर्षं वर्गात एकच हुकूम सोडला : हाताची घडी, तोंडावर बोट, हलायचं नाही. त्या हुकमाची भरपाई त्यांना भाऊबीजेच्या रात्री करावी लागली, तीही एका कॅमेऱ्यासमोर.

आकाशगंगेखाली उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा, एवढीच त्यांची हौस. ओवाळून घ्यायला ते नवेगावबांधजवळच्या बहिणीकडे गेले होतेच. शिवाय बीजेची कोर सात वाजायच्या सुमारास मावळते, म्हणजे अंधारही फुकटचा. तलावाकाठचं जंगल व्याघ्रप्रकल्पातलं, रात्री तिथे पाय ठेवायची सोय नाही. म्हणून गावाबाहेरच्या शेताचा धुरा निवडला. हलका धान कापून झाला होता, भारी धान उभा होता, आणि धुऱ्याखालच्या बांधीत चिखल अजून शिल्लक होता.

चिखलाने पहिला हिसका दाखवला. ट्रायपॉडचे तीन पाय तीन वेगवेगळ्या वेगाने खाली जाऊ लागले. गुरुजींनी बहिणीच्या घरून तीन फुटक्या बश्या मागवल्या आणि पायांखाली ठेवल्या. मधल्या आकड्याला पिशवी टांगून वजन दिलं. बशीची किंमत काही नाही, पण दुकानातल्या कुठल्याच महागड्या वस्तूने त्या रात्री एवढं काम केलं नाही.

मग हिशेब. पृथ्वी फिरते, त्यामुळे शटर फार वेळ उघडं राहिलं की चांदण्यांच्या रेघा उमटतात. छायाचित्रकारांचा ठोकताळा असा की पाचशेला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचं. गुरुजींची लेन्स अठरा मिलिमीटरची, पण कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ती सत्तावीससारखी वागते. भागाकार अठरा सेकंदांच्या आसपास आला. गणिताच्या मास्तराने तीन सेकंद हातचे राखले आणि पंधरा ठरवले. अ‍ॅपर्चर ३.५, आयएसओ ३२००, फोटो रॉमध्ये, आणि ट्रायपॉडवर असल्यामुळे लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद.

फोकसचं दुखणं निराळंच. अंधारात ऑटोफोकस नुसता घरघरत राहतो, आंधळ्या कोशिंबिरीतल्या पोरासारखा. तो बंद करून, स्क्रीनवर एक ठळक तारा मोठा करून, तो टिंबाएवढा होईतो रिंग फिरवावी लागते. पण मग माणूस धूसर नाही का येणार? नाही. अठरा मिलिमीटरला, ३.५ अ‍ॅपर्चरवर, साधारण पाच मीटरच्या पलीकडचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. म्हणजे माणसाने पाच मीटरच्या पुढे उभं राहायचं. वाक्य सोपं आहे. टायमर दहा सेकंदांचा, धुरा वीतभर रुंद आणि पळणारा निवृत्त आहे, एवढंच.

पहिल्या खेपेला गुरुजी बांधीत उतरले. दुसऱ्या खेपेला त्यांनी कपाळावरचा लाल टॉर्च विझवलाच नाही. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत, हे खरं, पण फोटोत शिवारभर लाल सापासारखी रेघ उमटली. तिसऱ्या वेळी मोबाइलचा रिमोट वापरला, तर पोटाजवळच्या स्क्रीनच्या उजेडात फक्त पोट आलं. चौथ्या वेळी सगळंच धुकट. लेन्सवर दव बसलं होतं. धानाच्या शेतात दिवाळीनंतर हे व्हायचंच, लेन्स थोडी उबदार ठेवावी लागते. गुरुजींनी उपरणं गुंडाळलं.

१८३९ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस या गृहस्थाने असाच स्वतःचा फोटो काढला होता. जगातल्या अगदी पहिल्या स्वछायाचित्रांत त्याची गणना होते. त्याच्या घरचा धंदा दिव्यांचा. तरी तो दुकानामागच्या अंगणात, दिवसाउजेडी उभा राहिला. शहाणा माणूस.

दूर कुठे उद्याच्या मंडईच्या जत्रेसाठी ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ चाललं होतं. तेवढ्यात मचाणावरून आवाज आला.

“का जी, का करून रायले इतं?”

“फोटो काढतोय.”

“कोनाचा?”

“माझाच.”

“अंधारात?”

रानडुकरांवर जागल करणारा तो कास्तकार खाली उतरला. गुरुजींनी त्याला पाच मीटरच्या पुढे उभं केलं, आपण पळत जाऊन शेजारी उभे राहिले आणि शटर उघडताच सेकंदभर टॉर्च दोघांवर मारला. मग पंधरा सेकंद. नवव्या सेकंदाला डास चावला. बाराव्याला शटर बंद झालं का हे बघायला गुरुजी निघाले.

स्क्रीनवर कास्तकार दगडी खांबासारखा स्वच्छ उभा होता. डुकरांची चाहूल घेत रात्रभर न हलता उभं राहण्याचा त्याला सराव. गुरुजी मात्र आरपार. माणूस वेळेआधी जागा सोडून गेला की मागचं आकाश त्याच्या अंगावर छापलं जातं, आणि धनु राशीतल्या दोनतीन चांदण्या नेमक्या त्यांच्या सदऱ्यात अडकल्या होत्या.

कास्तकाराने बराच वेळ पाहिलं. “चांगला आला जी,” तो म्हणाला, “पन तुमी कोन्ते?”

पुढच्या अमावस्येच्या सामानाच्या यादीत आता तीन बश्यांखाली एक स्टूल लिहिलेलं आहे. बसलेला माणूस कमी हलतो, हे गुरुजींना वर्गात माहीत होतं.