पानाचे शास्त्रशुद्ध वर्णन कसे करावे

पानाचे वर्णन ‘पान हिरवे आहे’ असे सुरू करू नये. ते सगळ्यांनाच दिसते, आणि सगळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीला गुण नसतात.

आधी हातातली वस्तू पान आहे की पानाचा तुकडा, हे ठरवावे. देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात कळी असेल तर ते पान. नसेल तर ती बहुधा नुसती पर्णिका. या न्यायाने कढीपत्त्याची अख्खी काडी हे एकच संयुक्त पान ठरते. पाककृतीतली ‘सात-आठ पाने’ कोणी वनस्पतिशास्त्राला धरून फोडणीत टाकली, तर आमटीची पालेभाजी होते. बेलाचे त्रिदळही एकच पान. शेवग्याचे पान दोन-तीनदा विभागलेले, चांगले हातभर. भाजी निवडणारीला हे सांगायला जाऊ नये.

मग आकार. लिनियसने १७५१ साली ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’त आकारांच्या संज्ञांची शिस्तशीर जंत्री दिली, तेव्हापासून पानांना सुटका नाही. गवताचे पान रेषाकृती, हिरव्या अशोकाचे भालाकृती, गुळवेलीचे हृदयाकृती. हे हृदय पत्त्यांतल्या बदामाचे असते, छातीतले नव्हे. आणि देशी बदामाच्या झाडाचे पान मात्र उलट्या अंड्यासारखे, म्हणजे व्यस्त अंडाकृती. कमळाचा देठ पानाच्या मध्यावरच जोडलेला असतो, म्हणून ते छत्राकृती. आपटा आणि कांचन दोन्ही द्विखंडी. आपट्याचे पान लहान आणि लांबीपेक्षा रुंद, कांचनाचे मोठे. दसऱ्याच्या बाजारात मात्र दोन्ही एकाच भावाने सोने होतात.

पान कोणत्याच संज्ञेत बसत नसेल तर दोन संज्ञा जोडाव्यात: ‘अंडाकृती-भालाकृती’. वनस्पतिवर्णनात संयोगचिन्हाइतके उपयोगी अवजार दुसरे नाही. त्याच्या खालोखाल ‘साधारणतः’ आणि ‘क्वचित’.

यानंतर कडा, टोक, तळ आणि पृष्ठभाग उरकावेत. कडुनिंबाची पर्णिका करवतीसारख्या दातांची, तळाशी तिरकी. वडाच्या पानाची कडा अखंड. पिंपळाच्या पानाचे टोक शेपटीसारखे लांबते, त्याला ‘टोकदार’ म्हणून भागवू नये. लव बोटाने तपासावी, पण खाजकुइलीच्या शेंगेवर हा प्रयोग करू नये.

शेवटी फणस. त्याच्या कोवळ्या रोपाची पाने बरेचदा खंडित असतात, मोठ्या झाडाची अखंड. अशा वेळी दोन्ही वर्णने लिहून मध्ये ‘किंवा’ घालावे.