दुसरा मोजा

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ ठोकला. तो उठलाच नाही, त्याचे लष्कर नावाचे शहर झाले. तात्पुरते ते कायमचे, ही परंपरा तिथल्या नई सडकेवरच्या मराठी घरात सुईवर अडकलेल्या एकट्या मोज्याने चालवली तर नवल काय? नक्षीचा पहिला मोजा हौस विणते. दुसऱ्याला चिकाटी लागते, कारण त्यात नवे काहीच नसते, तीच टाच, तेच टाके. कुणी म्हणेल, बुटात नक्षी पाहतो कोण? पण आपल्याकडे बूट उंबऱ्याबाहेर उतरतात. पुढची अब्रू मोज्यांवरच. बाजारचा जोड स्वस्त पडतो, हेही खरे. फक्त तो तडीस नेल्याची फुशारकी मारता येत नाही, आणि जानेवारीत खरी ऊब तिचीच.