वाजणारी दारं

पुण्यात मोटारीचं दार वाजायला लागलं की मालक आधी रेडिओचा आवाज वाढवतो. तेवढ्याने भागलं नाही तर रस्त्याला शिव्या घालतो. शिव्या रास्तच आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि चांगला ३.७ मीटर रुंद असतो, गाडीने अलगद चढावं आणि अलगद उतरावं म्हणून. आपल्या गल्लीतला गतिरोधक मात्र उरलेलं डांबर संपवायला घातल्यासारखा. पण हे हादरे चारही दारांना सारखेच बसतात. मग तुमचं डावीकडचं मागचंच दार का वाजतं?

कारण ते कोणीतरी उघडलेलं असतं.

दाराच्या आतलं प्लॅस्टिकचं पॅड दोन-तीन स्क्रू आणि कडेने बसवलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा यांच्यावर टिकून असतं. स्पीकर बसवणारा ते ओढतो, काचेची मोटर बदलणारा ओढतो. उन्हाने कडक झालेल्या दोन-चार क्लिपा कटकन तुटतात. कारागीर उरलेल्यांवर पॅड ठोकून बसवतो, वर तळहाताने थाप मारतो आणि म्हणतो, ‘झालं साहेब.’ साहेब स्पीकरचा दणका ऐकून खूश. खडखड सुरू होते पंधरवड्याने, तेव्हा ती खड्ड्याच्या नावावर जमा.

शहराचे रस्ते वाजतात तेही याच कारणाने. केबलवाला उघडतो, पाइपवाला उघडतो, बंद करताना सगळ्यांनाच घाई. याच पुण्यात रेकॉन्डो कंपनीने १९७६ साली दहा वर्षांच्या हमीवर जंगली महाराज रस्ता करून दिला होता. हमी संपल्यावरही तो वर्षानुवर्षं खड्ड्याविना राहिला. म्हणजे नीट काम करायला इथल्या हवेची हरकत नाही. आणि आवाजाचं म्हणाल, तर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था पौड रस्त्यालगतच्या टेकडीवर बसून गाड्यांचे आवाज आणि कंपनं मोजते. टेकडी उतरलं की मोजणारं कोणी नाही, फक्त ऐकणारे.

दाराच्या खडखडीवर आपले घरगुती इलाज: फटीत घडी घातलेलं व्हिजिटिंग कार्ड, नाहीतर फेविक्विक. चिकटवणाऱ्याला विचारावंसं वाटतं, उद्या काच खाली अडकली तर पॅड काय छिन्नीने काढणार?

खरा इलाज कंटाळवाणा आहे. दुसऱ्याला गाडी चालवायला द्या आणि तुम्ही पॅडवर तळहात दाबून बसा. दाबल्यावर आवाज थांबला तर दोष पॅडचा. काच पूर्ण वर केल्यावर थांबला तर काचेच्या रबरी चॅनलचा, पॅडला हातही लावू नका. पॅड काढायचंच असेल तर आधी हँडलमागचे लपलेले स्क्रू शोधा. मग खालच्या कडेपासून प्लॅस्टिकच्या पट्टीने उचका; स्क्रू ड्रायव्हरने रंगही जातो आणि क्लिपही. काचेच्या बटणाची वायर सोडवा. पत्र्याच्या भोकात अडकलेले क्लिपांचे तुकडे काढा. लॉकची सळई किंवा वायर पत्र्यावर आपटत असेल तिथे फेल्टची पट्टी लावा. आतला प्लॅस्टिकचा कागद फाडू नका, सुटला असेल तर पुन्हा चिकटवा. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तोच अडवतो, नाहीतर जुलैत पायाखालचं मॅटिंग भिजतं.

क्लिपा स्वस्त असतात. पण दिसायला सारख्या आणि दांडीला वेगळ्या, म्हणून जुनी एक खिशात टाकूनच नाना पेठेत जा. तुटलेल्या तेवढ्याच बदलू नका, सगळ्या बदला.

आणि पुढच्या वेळी कोणी पॅड उघडलं तर बंद होईपर्यंत शेजारी उभे राहून क्लिपा मोजा. तेवढा वेळ चहाला जाऊ नका.